उतर म्हटल्याशिवाय

१

प्रणित आणि कीर्ती ही रविवारी घरात बसणारी माणसं नव्हती. सकाळी सात म्हणजे सातला प्रणित ओट्याखालची मोटारसायकल जुन्या बनियनने पुसायला घ्यायचा. कीर्ती दोन हेल्मेट, पाण्याची बाटली आणि डब्यात चार घावने घेऊन बाहेर यायची आणि दाराला कुलूप घालायची. मग प्रणित त्या बंद दाराकडे बघून म्हणायचा, "आये, येतो गं."

आयेला जाऊन चौदा महिने झाले होते. सवय मोडत नाही म्हणून म्हणतो, असं तो सांगायचा. कीर्तीने त्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं.

"बसलीस?"

"बसले."

की निघाली स्वारी. कधी कर्नाळा, कधी नेरळ, कधी पाली, तर कधी नुसतंच उरणच्या बाजूला खाडीपर्यंत. आठवडाभर तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या गेटवर असायचा आणि ती खारघरला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. संध्याकाळी खांदा कॉलनीमागच्या गावठाणातल्या त्या दोन खोल्यांत परत आली की दोघांनाही घर मोठं वाटायचं. आये होती तेव्हा हेच घर पुरत नव्हतं. म्हणून रविवार हवा असायचा. हेल्मेटमधून ओरडून ओरडून जेवढं बोलणं व्हायचं, तेवढं घरात समोरासमोर बसून होत नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी खोपोलीच्या घाटात गाडी अडून बसली. पहिल्या गिअरच्या वर जाईना. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून मारून हैराण. शेवटी कीर्ती म्हणाली, "थांब, मी उतरते. तू एकटा वर घे, मी येते चालत."

ती उतरली. आता गाडी सुसाट जाईल असं दोघांनाही वाटलं होतं. पण कसलं काय! कीर्ती रस्त्याच्या कडेने चालत राहिली, प्रणित तिच्या शेजारून गाडी रेटत राहिला आणि दोघं गप्पा मारत बरोबरच वळणावर पोचली. कीर्तीला हसू आवरेना. हसता हसता तिची नजर गाडीच्या मागच्या चाकाकडे गेली. मडगार्ड चाकाला जवळजवळ टेकलं होतं. ती बसलेली असताना टेकावं तसंच.

"म्हातारी झाली बिचारी," प्रणित म्हणाला. तो गाडीबद्दलच बोलत होता. "मोठी घेऊ आता. साडेतीनशे सीसीची. दोघांनी फिरायचं तर तेवढी ताकद पाहिजे."

"मी जाड झाले असं सरळ म्हण ना."

"नाय गं. हल्ली यार्डात एकटा जातो तरी डबलसीट असल्यासारखीच चालते ही."

हे वाक्य तो सहज बोलून गेला. कीर्तीच्या मात्र ते घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं.

२

नवी घ्यायची तर जुनी धड चालती करून द्यावी, म्हणून ते गाडी दयारामकडे घेऊन गेले. दयारामचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं खोपटं. पण पंचक्रोशीतल्या दुचाक्या तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्याने इंजिन उघडलं, बंद केलं, चेन बघितली, ब्रेक बघितले.

"इंजिनला काय झालेलं नाय," तो म्हणाला. "पण मागचे शॉक-अप मी वर्षात दोनदा बदलून दिलेत, ते परत बसले. टायरपण नको तेवढा झिजलाय. तुमी ट्रिपलसीट फिरता काय?"

"कोण तिसरं आणू?" प्रणित हसला. "आम्ही दोघंच."

दयारामने कीर्तीकडे एकदा बघितलं. बावन्न किलोची बाई, तिला काय बोलणार? "एक राऊंड मारून बघतो," म्हणून तो गाडी घेऊन गेला.

राऊंड पाच मिनिटांची असते. तो पंधरा मिनिटांनी आला. गाडी स्टँडवर लावली, उतरला आणि मान वळवून स्वतःचा डावा खांदा बघायला लागला.

"वहिनी, जरा बघा हो. माझ्या खांद्यावर काय पडलंय का?"

कीर्तीने बघितलं. शर्टावर ग्रीसचा जुना डाग होता, बाकी काही नव्हतं.

"काय नाय? मंग बरं." त्याने तरी दोनदा खांदा झटकला. पैशाचं नाव काढलं नाही. "विकून टाका ही," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गाडीला भिडला.

घरी आल्यावर कीर्ती शहाण्या माणसासारखा विचार करत बसली. बारा वर्षांची गाडी, खड्ड्यांचे रस्ते, बाजारातले नकली शॉक-अप. सगळ्याला कारण असतं. मग आपण बसताना पार मागे, कॅरिअरच्या लोखंडी दांडीला टेकून का बसतो, यालाही कारण असणार. सवय. चौदा महिन्यांपासूनची सवय. माकडहाडाला काळा-निळा वळ उठला तरी न मोडणारी.

पुढे सरकायला जागा असते. चांगली वीतभर असते. पण सरकवत नाही, हे तिने प्रणितला कधी सांगितलं नव्हतं.

३

इथे आयेची आणि या गाडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय गावठाणातलं एकही लग्न पार पडत नसे.

कृष्णाबाई म्हणजे प्रणितची आये. वीस वर्षं मिठागरात राबलेली. पुढे मिठागरं गेली, जमिनी गेल्या, समोर इमारती उभ्या राहिल्या, पण म्हातारीचा ताठा तसाच. मोटारीत बसली की तिला उलटी व्हायची. रिक्षात जीव घाबरायचा. आवडायची ती एकच गोष्ट, लेकाची फटफटी. प्रणितने पहिल्या पगारावर ती घेतली तेव्हा नारळ तिनेच फोडला होता.

एकदा मासळीबाजारातून येताना उरण नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली. आयेला वाटलं, आलं घर. ती शांतपणे उतरली. सिग्नल हिरवा झाला आणि प्रणित निघाला. चुलतभावाच्या हळदीला कोण कोण आलं होतं, जेवणात काय कमी पडलं, हे सगळं तो वाटभर आयेला सांगत आला. ओट्यापाशी गाडी थांबवून म्हणाला, "आये, उतर. आलं." मागे बघतो तर सीट रिकामी. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या कीर्तीने विचारलं, "आई कुठायत?" तो तसाच उलटा पळाला. आये नाक्यावर त्याच जागी उभी होती. हातात बोंबलांची पिशवी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना शिव्या घालणं चाललं होतं.

त्या दिवशी तिने एकवीरेची शपथ घेतली. "आता आभाल कोसललं तरी मी उतरनार नाय. तू सोता 'उतर, आलं' म्हनशील, तवाच उतरनार. दुसरा कोन बोलला तरी नाय."

आणि शपथ तिने पाळली. गाडी दारात लागली तरी लेकाने म्हटल्याशिवाय ढिम्म हलायची नाही. पोरंटोरं मुद्दाम, "आजी, उतर, आलं," म्हणून चिडवायची. ही बसून राहायची. आणि चढून बसली की प्रणितच्या डाव्या खांद्यावर दोनदा थापटायची, टप टप. म्हणजे, मी नीट बसले, हाण आता.

४

ती गेली तो दिवस कीर्ती सहसा आठवत नसे.

भर दुपारचे अडीच वाजले होते. आयेच्या छातीत कळ आली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. हायवेवर ट्रेलर आडवा झाला होता, कंटेनरच्या गाड्यांची रांग लागलेली. रुग्णवाहिकेचा माणूस फोनवर म्हणाला, तासभर तरी लागेल. प्रणितने गाडी काढली. फटीफटीतून फटफटीच निघेल, दुसरं काही निघणार नाही, हे कुणालाही कळत होतं. पुढे तो, मधे आये, मागे कीर्ती. आयेचे दोन्ही हात कीर्तीने आपल्या हातात घेतले आणि प्रणितच्या पोटाशी घट्ट धरून ठेवले. हेल्मेट घालायचं कुणाच्याही लक्षात नव्हतं.

उड्डाणपुलावर चढताना आयेची मान कीर्तीच्या खांद्यावर आली. काहीतरी सांगायचं असावं तशी ती एकदा कण्हली. मग कीर्तीच्या हातातले ते दोन हात जड झाले. झोपलेल्या माणसाचे होतात त्याहून जड.

"आये बसलीय ना नीट?" प्रणितने न वळता विचारलं.

कीर्तीला कळलं होतं. तिला अगदी स्पष्ट कळलं होतं.

"बसल्यात," ती म्हणाली. "नीट बसल्यात. तू चालव."

दवाखान्यापर्यंत त्याने आणखी तीनदा विचारलं. तिने तीनदा तेच उत्तर दिलं. खरं सांगितलं असतं तर त्याने पुलावरच गाडी टाकली असती, मागून ट्रक येत होते. हे कारण खोटं नव्हतं. पण पुढचे चौदा महिने ते तिला पुरलं नाही.

दारात स्ट्रेचरवाले धावत आले आणि आयेला उचलून घेऊन गेले. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

दिवसकार्याला येणाऱ्या प्रत्येकाला प्रणित एकच सांगायचा. "दारापर्यंत होती हो ती. मी पोचवलं तिला. पूल उतरल्यावर माझ्या खांद्यावर थापटलंपण. दोनदा." हे सांगताना त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा. त्या एका गोष्टीवर तो उभा होता. कीर्ती खाली मान घालून पाहुण्यांपुढे पाण्याचे पेले ठेवायची.

आयेचे दोन्ही हात तर तिच्या हातात होते. दुःखात माणसाला भास होतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

५

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, दोघं जुन्या पनवेलच्या पलीकडच्या शोरूमला गेले. आत थंडगार हवा होती आणि एका रांगेत उभ्या असलेल्या चकचकीत गाड्या. मिताली नावाची विशीतली मुलगी त्यांच्याबरोबर फिरत होती. तिला सगळं तोंडपाठ होतं.

"सर, तुम्हाला डबलसीट टूरिंगसाठी हवी ना? मग ही बघा. साडेतीनशे, घाटात टॉप गिअरला चढते. सीट स्प्लिट आहे, म्हणजे रायडरचं वेगळं, मागच्याचं वेगळं. मॅडमना एकदम कम्फर्टेबल."

कीर्तीने सीटकडे बघितलं. पुढे खोलगट जागा, मग एक पायरी, आणि वर मागच्याची उशी. मधे काहीच नव्हतं. मधे कुणी बसूच शकलं नसतं.

"लांब सीटवाली नाही का?" तिने विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"आहे ना मॅडम, पण ती पॉवरला कमी. आता सगळे हेच घेतात."

"आपल्याला कशाला लांब सीट?" प्रणित म्हणाला. "चल, चालवून बघू."

"बसलीस?"

"बसले."

गाडीने रस्ता धरला आणि कीर्ती दचकली. वेगाने नव्हे. तिच्या गालांवर वारा आला होता. हेल्मेटची काच वर होती आणि एप्रिलचा तो गरम वारा सरळ तोंडावर येत होता. केस उडत होते. तिची छाती प्रणितच्या पाठीला टेकली होती, त्याच्या घामाचा वास येत होता, त्याचं हसणं तिला बरगड्यांत जाणवत होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं असंच तर बसत होतो आपण, तिला आठवलं. तिचे डोळे भरून आले. तिने त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"काय गं?" तो ओरडला.

"काही नाही! मस्त आहे!"

आणि मग तिला उलटं मोजता आलं. जुन्या गाडीवर बसून चौदा महिन्यांत एकदाही तोंडावर वारा आला नव्हता. प्रणित काही रुंद माणूस नव्हे. तो बिचारा काडीपैलवान. एवढा वारा इतके दिवस कोण अडवत होतं?

६

"घेऊ ना हीच?" प्रणितने विचारलं. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. तिने मान डोलावली. नाही म्हणायला कारण काय देणार?

"मग जुनी एक्स्चेंजला देताय ना?" मिताली म्हणाली. "आमची माणसं आत्ताच यार्डात घेऊन जातील. गाडीत काही असेल तर काढून घ्या."

प्रणित कागदांवर सह्या करायला बसला. कीर्ती बाहेर आली. जुनी गाडी शोरूमच्या बाजूला उन्हात साइड स्टँडवर उभी होती. दीड तास तशीच उभी होती. सावलीचा ठिपकादेखील आसपास नव्हता. पनवेलच्या उन्हात काळ्या रेक्झिनच्या सीटवर हात ठेवून बघा, चटका बसतो. बसायच्या आधी पाणी शिंपडावं लागतं.

बनियनचं फडकं सीटखाली खोचलेलं होतं. ते ओढताना तिचा हात सीटच्या मागच्या टोकाला लागला आणि तिने तो झटकन काढून घेतला. भाजलं होतं. पुढे टाकीजवळही तसंच, हात ठेववेना.

मग तिने मधे हात ठेवला.

मधे गार नव्हतं. गार असतं तर ती किंचाळली असती. मधे ऊन लागलेलंच नव्हतं. वीतभर रुंदीचा एक पट्टा, सावलीत ठेवलेल्या रेक्झिनसारखा, माणूस आत्ता उठून गेल्यावर असतो तसा कोमट. आणि माणूस उठलेलं नव्हतं, कारण सीट तेवढ्या जागी दबलेली होती. मडगार्ड चाकाला टेकलं होतं.

कीर्तीने हात काढला नाही. आपण का काढत नाही, हे तिला सांगता आलं नसतं. ती खूप घाबरली होती, आणि तिला खूप रडू येत होतं, आणि ही दोन्ही एकाच माणसामुळे होती.

तेवढ्यात एक्स्चेंजवाला किल्ली घ्यायला आला.

"थांबा," ती म्हणाली. "पाच मिनिटं थांबा."

तिने प्रणितला बाहेर बोलावलं. आणि तिथेच, उन्हात उभं राहून, सांगून टाकलं. पूल, कण्हणं, हात जड झालेले. "आई पुलावरच गेल्या, प्रणित. मला कळलं होतं. तू विचारत होतास आणि मी खोटं बोलत होते. चारही वेळा खोटं बोलले."

त्याच्या ओठाला कंप सुटला होता. तिला वाटलं, संपलं आता. हा माणूस आता आपल्याकडे पहिल्यासारखा बघणार नाही.

"हात?" तो म्हणाला. "आयेचे हात कुठं होते?"

"माझ्या हातात. दोन्ही. दवाखान्याच्या दारापर्यंत."

"मंग मला थापटलं कोनी?" घाईत, दुःखात तो आयेसारखंच बोलायचा. "पूल उतरल्यावर. टप टप. मी काय येडा हाय?"

कीर्तीने त्याचा हात धरला आणि सीटच्या मधोमध ठेवला.

एक्स्चेंजवाला लांबून बघत होता. प्रणितने हात उचलला नाही, उलट दुसराही ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी 'उतर' म्हटलंच नाय, कीर्ती. गडबडीत म्हटलंच नाय. ते उचलून घेऊन गेले, मी पाठी धावलो..." तो सीटकडे वाकला. "आये. उत—"

कीर्तीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"इथे नको! इथे कुठे उतरवतोस त्यांना? ना ओळखीचं कुणी, ना घर. परत नाक्यासारखं करायचंय का?"

त्याने तिच्याकडे बघितलं. पहिल्यासारखंच बघितलं. त्यातून थोडं जास्तच.

"किल्ली राहू दे," तो एक्स्चेंजवाल्याला म्हणाला. "जुनी नाय देत आमी आज. सोमवारी बघू."

७

घरी जाताना कीर्ती पार मागे बसली, दांडीला टेकून. या वेळी समजून-उमजून. मधे जागा सोडली, ऐसपैस.

"बसलीस?" प्रणितने विचारलं. मग हळूच, "आये बसली?"

"बसल्यात," ती म्हणाली.

आणि तिने डोळ्यांनी बघितलं. प्रणितच्या शर्टाचं डाव्या खांद्यावरचं कापड आत दबलं आणि वर आलं. पुन्हा दबलं, पुन्हा वर आलं.

प्रणितने गाडी चालू केली. कीर्तीच्या तोंडाला वारा लागला नाही. तिने हात लांबवून त्याची कंबर धरायचा विचार केला, पण त्यासाठी ज्याच्या भोवती हात न्यावे लागले असते त्याची तिला भीती वाटत होती. मग एकदम वाटलं, त्या दिवशी नाही का धरलं होतं? तिने डोळे मिटले आणि हात पुढे नेले. हात प्रणितपर्यंत पोचले. पण लांबून, वळसा घालून पोचले.

उरण नाक्याला सिग्नल लाल झाला. चारी बाजूंनी रिक्षा, बस, भाजीवाले. गाडी थांबली. प्रणितने मान किंचित वळवली.

"अजून नाय आलं, आये," तो पुटपुटला. "बसून राहा. सिग्नल हाय."

शेजारच्या रिक्षावाल्याने चमकून त्यांच्याकडे बघितलं आणि मग का कोण जाणे, रिक्षा हातभर पलीकडे घेतली.

ओट्यापाशी गाडी लागली. कीर्ती उतरली. प्रणित उतरला. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभी राहिली. दुपारचे दोन वाजले होते, शेजारी कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता, ओट्यावर मांजर झोपलं होतं. ते उठलं आणि निघून गेलं.

"आये," प्रणित म्हणाला. चौदा महिन्यांत तो असा रडला नव्हता. "आये, उतर. आलं. घर आलं."

क्षणभर काहीच झालं नाही. मग मागच्या शॉक-अपमधून बारीक करकर आली आणि मडगार्ड चाकापासून दोन बोटं वर उचललं गेलं.

कीर्तीने कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला झाली. प्रणितही बाजूला झाला. घरातलं मोठं माणूस आत जाताना आपण होतो तशी दोघं बाजूला झाली.

दाराचा पडदा हलला. वारा नव्हता. पडदा जमिनीपासून चार बोटं वर होता, आणि त्या चार बोटांत कीर्तीला एक टाच दिसली. काळी, आडव्या-उभ्या भेगांची, भेगांमधे मीठ बसून पांढरी पडलेली. ती उंबऱ्याच्या आत गेली आणि पडदा स्थिर झाला.

"काय दिसलं काय?" प्रणितने विचारलं.

"नाही," कीर्ती म्हणाली. खोटं बोलायची ही शेवटची वेळ, असं तिने ठरवलं.

८

नवी गाडी पुढच्या रविवारी सकाळी दारात आली. मधल्या आठवड्यात घरात काही विशेष घडलं नाही. एवढंच की दोघं स्वयंपाकघरात एकटं जायचं टाळत होती आणि घर पुन्हा लहान वाटायला लागलं होतं. सोमवारी जुनी गाडी एक्स्चेंजवाला घेऊन गेला. कोपऱ्यावरच्या चढावर ती वाऱ्यासारखी पळाली.

कीर्तीने कुलूप घातलं. प्रणित सवयीने, "आये, येतो गं," म्हणाला आणि म्हणता म्हणता थबकला. दोघांनी कान दिला. आत काही वाजलं नाही. हसून दोघं निघाली, पण जरा घाईनेच.

तो दिवस कीर्ती जन्मभर विसरणार नाही. गाडी खोपोलीचा घाट हसत हसत चढली. ज्या वळणावर ती चालत चढली होती तिथे प्रणितने मुद्दाम हॉर्न वाजवला. ती त्याच्या पाठीला चिकटून बसली होती, वारा भरभरून तोंडावर येत होता, आणि ती त्याला पुलावरचा तो दिवस पुन्हा सांगत होती, या वेळी पहिल्यापासून, काही न लपवता. तो ऐकत होता. मधेच एका हाताने त्याने तिचा हात पोटाशी दाबून धरला. "तू खोटं बोललीस म्हणून मी पोचवू शकलो तिला," तो म्हणाला. "पुलावर थांबलो असतो तर ती तिथंच राहिली असती."

साडेसहाला ते परत आले. अजून उजेड होता. गाडी बंद झाली. दोघं ओट्यावर चढली, दारासमोर उभी राहिली, आणि कुलूप काढायला कुणीच पुढे होईना.

"उघड की," प्रणित म्हणाला.

"तू उघड. आई तुझी आहे."

"किल्ली तुझ्याकडं हाय."

"ही घे किल्ली."

त्याने किल्ली घेतली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. ज्या बाईने त्याला न्हाऊ-माखू घातलं, त्या बाईच्या घरात शिरायला तो घाबरत होता, आणि आपण घाबरतो याची त्याला लाजही वाटत होती. कीर्तीला त्याची इतकी माया आली की तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा दाराच्या आतून, खांद्याच्या उंचीवर, आवाज आला. टप टप.

प्रणितचे डोळे विस्फारले. त्याने कीर्तीकडे बघितलं. गाडीवरून न वळता विचारायचा, तोच प्रश्न त्याच्या तोंडावर होता. फक्त या वेळी तो तिच्याकडे तोंड करून उभा होता, आणि तिला त्याचा चेहरा दिसत होता.

"बसल्यात," कीर्ती म्हणाली. ती खरं सांगत होती. "नीट बसल्यात."

त्याने कुलुपात किल्ली घातली.